‘डॉक्टर, दारू नाही हो, फक्त बिअर’



मागचा लेख युरिक ॲसिड आणि गाऊटवर होता. तो वाचून चार-पाच जणांनी क्लिनिकमध्ये येऊन एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, दारू बंद, हे कळलं. पण बिअर चालेल ना?"

याचं उत्तर दोन ओळींत संपतं. गाऊट असेल तर बिअर ही व्हिस्कीपेक्षाही वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलबरोबर प्युरिनही असतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात गाऊटशी सगळ्यात घट्ट संबंध बिअरचाच दिसला होता. तेव्हा चालणार नाही.

पण त्या प्रश्नातला ‘पण’ माझ्या डोक्यातून जात नाही. त्या एका शब्दापायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. ती हकिकत आज सांगतो. आणि त्यानंतर एका शनिवारी मी स्वतः अंधेरीच्या टॅपरूममध्ये जाऊन पाच प्रकारच्या बिअर चाखून आलो, तेही सांगतो. माझे काही पेशंट हे वाचून भुवया उंचावतील. उंचावू देत. पुढचं वाचलंत की माझं काय झालं ते कळेलच.

आधी हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आणि त्या गृहस्थांना विचारूनच लिहितो आहे.

वय साधारण चाळीस. कांदिवली पूर्वेला राहणारे, चांगल्या कंपनीत नोकरी, रोज लोकलने ये-जा. माझ्याकडे तीन वर्षं ब्लड प्रेशरसाठी येत होते. पहिल्या दिवशी मी नेहमीचे प्रश्न विचारले होते. तंबाखू? नाही. सिगारेट? नाही. दारू? नाही. कागदावर तसं लिहिलं आणि पुढे गेलो. प्रेशर काही केल्या १५० च्या खाली येईना. मी एका गोळीच्या दोन केल्या. रक्ताच्या तपासणीत लाल पेशींचा आकार, म्हणजे रिपोर्टवर ज्याला एमसीव्ही म्हणतात तो, १०१ आला. तो शंभराच्या आत असायला हवा. आमच्या भागात शाकाहारी लोक खूप, बी-१२ ची कमतरता घरोघरी. मी बी-१२ ची इंजेक्शनं लिहून दिली. आकार कमी झाला नाही. तेव्हाही मला शंका आली नाही.

पावसाळ्यात त्यांची स्कूटर घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, फिटनेस मी दिला. जुन्या कागदावरून नव्या कागदावर उतरवलं, ‘अल्कोहोल : नाही’. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री दोन वाजता नर्सिंग होममधून फोन आला. पेशंट घामाने भिजलाय, हात थरथरतायत, सलाईन उपटून काढली, भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणतो आणि बायकोला ओळखत नाही.

रात्री दोनला कांदिवलीचे रस्ते रिकामे असतात. सात मिनिटांत पोहोचलो, आणि दारातूनच काय झालंय ते कळलं. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की साधारण सहा तासांनंतर थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान हा असा भ्रम होतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. लोराझेपामची इंजेक्शनं, थायमिन म्हणजे बी-१ शिरेतून, आणि मग आयसीयू. चौथ्या दिवशी ते भानावर आले.

त्या रात्री कॉरिडॉरमध्ये त्यांच्या पत्नीला मी विचारलं, "वहिनी, हे दारू घेतात का?"

त्या माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिल्या. "नाही हो डॉक्टर. दारूला हात लावत नाहीत. फक्त बिअर. ऑफिसवरून आले की दोन."

"किती मोठ्या?"

"मोठ्याच. स्ट्राँगवाल्या."

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमानही खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे ‘दारू’ या शब्दाला एक चेहरा आहे. झोकांड्या, शिव्या, गुत्ता, गटार. ऑफिसच्या बॅगेतून कागदात गुंडाळून आणलेली, फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी उभी केलेली थंड बाटली त्या चेहऱ्यात बसत नाही. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. त्यात एमसीव्ही दोनदा माझ्यासमोर येऊन गेला, आणि प्रेशर तीन वर्षं तेच सांगत होतं.

आता हा हिशेब बघा. तो अवघड नाही. बाटली किती मिलीची आहे ते बघा, त्याला लेबलवरच्या टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा. हे झाले शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे साधारण ४१-४२ ग्रॅम. व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग, ४२.८ टक्के, म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बाटली ही चार स्मॉल पेगांएवढी. रोज दोन बाटल्या म्हणजे आठ पेग. बाजारच्या भाषेत सांगायचं तर एक क्वार्टर आणि वर एक लार्ज. हे गृहस्थ रोज क्वार्टर आणि वर एक लार्ज पीत होते, आणि ‘मी दारू पीत नाही’ असं मनापासून मानत होते.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि ५ च्या वर ८ पर्यंतची स्ट्राँग. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे. कारणही उघड आहे. त्याच पैशात जास्त ‘चढते’. चवीसाठी ती कुणी घेत नाही. बर्फासारखी गार करून, खारे दाणे तोंडात टाकत, चव कळायच्या आत ती गिळायची असते.

मग चवीसाठी घेणारे लोक कोण? हे मला माझ्या भाच्याने दाखवलं.

तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिशीतला. फोनमध्ये वही ठेवतो, प्रत्येक बिअरवर चार ओळी लिहितो. माझी ही हकिकत ऐकून म्हणाला, "मामा, तू बिअरबद्दल पेशंटना बोलतोस, पण शेवटची बिअर कधी प्यायलास?" हॉस्टेलमध्ये, मी म्हटलं. "मग शनिवारी चल माझ्याबरोबर."

गाडी नेली नाही. मेट्रो २अ ने कांदिवली पश्चिमहून अंधेरी पश्चिम, वरून मालाड-गोरेगावच्या इमारती बघत. ही मेट्रो सुरू झाल्यापासून या भागातल्या माणसाला दारू पिऊन गाडी चालवायला एक सबब कमी झाली आहे, हे माझं वैयक्तिक मत.

टॅपरूम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथे बाटल्या नसतात. बिअर पिंपातून नळाने थेट ग्लासात येते, म्हणून टॅप. ती छोट्या प्रमाणात, वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेली असते. आपल्या राज्यात याची सुरुवात पुण्यात झाली, २००९ मध्ये, कोरिंथियन्स क्लबमधल्या ‘डूलाली’पासून. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली, आणि बिअर बनवायला ऑलिव्हर शाउफ नावाचा जर्मन माणूस होता. पुढे त्यांच्या टॅपरूम अंधेरीतही आल्या.

या नावाची गोष्ट भाच्याला ठाऊक नव्हती, ती मी सांगितली. डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. तिथे ब्रिटिशांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहत. जहाजं हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. चुकीच्या महिन्यात आलेला माणूस महिनोन्‌महिने अडकायचा. काम नाही, ऊन, मलेरिया, आणि प्यायला भरपूर. कुणी विचित्र वागायला लागला की त्याला ‘डूलाली टॅप’ झाला म्हणत. यातला टॅप नळाचा नाही. तो आपला ‘ताप’. देवळालीचा ताप! इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला, हा अर्थ आजही आहे. त्यातल्या किती जणांचा ‘ताप’ मलेरियाचा आणि किती जणांचा दारू तुटल्याचा असेल, असा विचार एका फिजिशियनच्या मनात येणारच.

असो. समोर एका लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास आले. प्रत्येकात साधारण १०० मिली. भाच्याने मला पहिल्याच ग्लासाला थांबवलं. "प्यायचं नाही लगेच. आधी वास."

ही गव्हाची बिअर होती. त्याने विचारलं, काय वास येतो? मी हुंगलं. बिअरचा, म्हटलं. तो म्हणाला, केळं आणि लवंग. मला काही जाणवेना. त्याने ग्लास तळहातात धरून दोन मिनिटं कोमट होऊ दिला आणि परत दिला. आणि खरोखर, वेलची केळ्याच्या सालीचा वास, त्याच्या मागे लवंग. गंमत म्हणजे त्यात केळंही नसतं आणि लवंगही. ते वास यीस्ट तयार करतं. केळ्याला स्वतःचा वास ज्या रसायनामुळे येतो, तेच इथे यीस्ट बनवतं.

गार पदार्थातून वासाचे कण कमी उडतात, म्हणून गार बिअरला वास कमी. बर्फगार स्ट्राँग बिअरचं गुपित इथेच आहे. आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराचसा भाग हा वासच असतो. जीभ ओळखते ती खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी म्हणजे मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रश्शातली ती भरीव चव. बाकी सगळं घास गिळताना घशाच्या मागून नाकात चढतं. घरी करून बघा. नाक घट्ट चिमटीत धरा, तोंडात चिमूटभर बडीशेप टाकून चावा. नुसता गोडसर भुस्सा लागेल. मग नाक सोडा. (शाळेत शिकवलेला जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, तो चुकीचा आहे. जिभेच्या सगळ्याच भागांवर सगळ्या चवी कळतात.)

इथे थोडं विषयांतर करतो. कोविडनंतर ‘तोंडाला चव नाही’ म्हणून जे पेशंट आले, त्यांच्यातल्या बहुतेकांची जीभ ठीक होती. गेला होता तो वास. मला लवंग उशिरा कळली, याचं कारणही थंडपणा की माझं पन्नाशी ओलांडलेलं आणि कोविड होऊन गेलेलं नाक, हे मला त्या टेबलावर ठरवता आलं नाही. घरी येऊन डब्यातली लवंग हुंगून पाहिली. ती आली. ज्यांची येत नाही त्यांच्यासाठी एक साधा व्यायाम आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून घ्यायचे. जर्मनीत हुमेल नावाच्या डॉक्टरांच्या गटाने २००९ मध्ये हे बारा आठवडे करून घेतलं होतं आणि काही जणांना फायदा झाला. खर्च काहीच नाही. आणि कोविड किंवा सर्दीशिवाय वास हळूहळू कमी होत असेल तर मात्र तपासून घ्या. पार्किन्सनची सुरुवात कधी कधी थरथरीच्या आधी नाकातून होते.

परत फळीकडे. दुसरा ग्लास धने आणि संत्र्याची साल घातलेला, बेल्जियन पद्धतीचा. धने मला लगेच कळले, त्यात आपला हात कोण धरणार! तिसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात आपलाच देश. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला महिनोन्‌महिने जहाजातून येणारी बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं जास्त घालत. ती कडू असतात आणि जंतूंना रोखतात. भाच्याच्या वहीत तिच्यापुढे इंग्रजीत राळ, उष्ण प्रदेशातली फळं असं काहीबाही लिहिलं होतं. मी चाखून म्हटलं, अरे, हा कैरीच्या देठाचा चीक आहे. आणि मागून पपनसाची पांढरी साल. तो हसला, पण त्याने ते लिहून घेतलं, देवनागरीत.

मग मला चेवच आला. चौथी काळी पोर्टर. तिला ‘रोस्टेड’ म्हणून भागत नाही. खरपूस आणि करपट यात फरक आहे, आणि हा ग्लास खरपुसाच्या शेवटच्या टोकाला होता, तव्यावर अर्धा मिनिट जास्त राहिलेल्या ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तिचं धान्य म्हणजे जव. त्याला मोड आणून, वाळवून, भाजून घेतात. आपण लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करतो त्याचाच हा चुलतभाऊ. खराब झालेल्या बिअरचे वास कसे असतात, हे भाच्याने सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की मराठीत त्यातल्या प्रत्येकाला शब्द तयार आहे. उबट, कुबट, खवट, आंबूस. इंग्रजीत त्यासाठी ओल्या पुठ्ठ्याची उपमा द्यावी लागते.

वासाला नाव द्यायची ही सवय आम्हा डॉक्टरांची जुनी. रेसिडेन्सीत आमचे सर पेशंटच्या खाटेजवळ वाकायला लावायचे. शुगर खूप वाढून किटोन झालेल्या माणसाच्या श्वासाला उतरलेल्या फळासारखा गोडसर वास. लिव्हर निकामी झालेल्याचा गोडसरच, पण कुबट. किडनीवाल्याचा उग्र, लघवीच्या जवळ जाणारा. आता आम्ही आधी रिपोर्ट मागतो. माझे ते बिअरवाले पेशंट तीन वर्षं दर महिन्याला माझ्यापासून दोन फुटांवर बसत होते, आणि मला कधी वास आला नाही, कारण ते सकाळी यायचे, अंघोळ करून.

पाचवा ग्लास स्ट्राँग. बेल्जियन पद्धतीची, गडद, ८ टक्के. युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये अशा जड बिअर बनवायची परंपरा आहे. बव्हेरियातले साधू उपवासाच्या दिवसांत जेवण बंद म्हणून अशी घट्ट बिअर प्यायचे, तिला पातळ पाव मानायचे. आपण हसू नये. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच आहे.

हा ग्लास भाच्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. मनुका, खजूर, काकवी. थोडी मिरीसारखी झणझण. घशाखाली ऊब. आणि तिच्यात अल्कोहोल आहे असं कुठेही जाणवत नव्हतं. बाटलीतल्या स्ट्राँगमध्ये ते थंडीने लपवतात, इथे चवीने लपवलं होतं. मला ती इतकी आवडली की मी ३३० मिलीचा आख्खा ग्लास मागवला. सावकाश, गप्पा मारत संपवला. डोकं शांत, बोलणं स्वच्छ, पाय जमिनीवर. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी इतकं निवांत वाटलं होतं.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. सवयीने खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या मागे आकडे मांडले. पाच छोट्या ग्लासांचे मिळून २४ ग्रॅम. त्या एका मोठ्या ग्लासाचे २१. एकूण ४५.

साडेचार पेग. मी एका बैठकीत साडेचार पेग आयुष्यात प्यायलेलो नाही. व्हिस्कीची बाटली समोर असती तर दुसऱ्यालाच हात आखडला असता. इथे मी ‘चव बघत’ होतो. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माझ्या वजनाचा हिशेब केला तर अडीच तासांनंतरही मी त्या मर्यादेच्या बराच वर होतो, आणि मला स्वतःला मी पूर्ण ठीक वाटत होतो. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं. म्हणजे त्या संध्याकाळचं काम त्याला पाच-सहा तास पुरलं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. त्या रात्री मला तीन वाजता जाग आली, तोंड कोरडं, छाती धडधडत होती. अल्कोहोलने झोप लागते लवकर, पण पुढची अर्धी रात्र ती मोडते.

घरी आणखी एक गोष्ट केली, ती लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी महिन्यातून दोन-तीनदा घरी एक स्मॉल घेतो. कुणी विचारलं तर ‘एकच, तोही स्मॉल’ असंच सांगतो. रविवारी मी नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या हाताने, न मोजता ओतला. मग तो इंजेक्शनच्या सिरिंजने मोजला. ५० मिली भरला. पत्नी बाजूला उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त सिरिंज धुऊन ठेवली.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. ‘मग किती चालते, डॉक्टर?’ सुरक्षित म्हणता येईल असा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये हेच स्पष्ट सांगितलं. अल्कोहोलला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून धरलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन. पेशीला फरक पडत नाही की अल्कोहोल जवाच्या मोडांतून आलं की मोहाच्या फुलांतून. जितकं कमी तितका धोका कमी, एवढंच मी सांगू शकतो. बिअरमुळे किडनी स्टोन धुऊन निघतो, हा समज घेऊन तर दर उन्हाळ्यात कुणीतरी येतंच. लघवी जास्त होते हे खरं, पण शरीर उलट कोरडं पडतं, आणि युरिक ॲसिडचा खडा असेल तर भरच पडते. साधं पाणी प्या.

काही जणांनी मात्र एक घोटही घेऊ नये. गरोदर बायका. लिव्हर किंवा पॅन्क्रियाजचा आजार झालेले. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारे. डायबिटीसवाल्यांनी विशेष ऐका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना रिकाम्या पोटी बिअर घेतली तर मध्यरात्री शुगर धाडकन खाली येऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं की चढली आहे, झोपू दे. छातीत अनियमित धडधड होणाऱ्यांनीही दूर राहावं. सुट्टीच्या दिवसांत जास्त पिऊन हृदयाचे ठोके बिघडलेले पेशंट इतके येतात की त्याला इंग्रजीत ‘हॉलिडे हार्ट’ असं नावच पडलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज पिणाऱ्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. हे एका डॉक्टरने लिहावं याचं आश्चर्य वाटेल, पण वर सांगितलेली तिसरी रात्र आठवा. आधी डॉक्टरांना भेटा, खरा आकडा सांगा, मग ते बेताने आणि औषधाच्या आधाराने सोडवतील. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्की सांगा. तुमचं चारित्र्य तपासायला ते हे विचारत नाहीत.

माझ्या क्लिनिकचा कागद मी बदलला आहे. ‘दारू घेता का?’ हा प्रश्न काढून टाकला. आता विचारतो, "बिअर, वाइन, ब्रीझर, व्हिस्की, काय काय आवडतं?" मग आठवड्यातून किती दिवस. मग बाटली किती मोठी, हाताने दाखवा. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. लोक आकडा सांगताना लाजतात, हाताने दाखवताना लाजत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका सत्तरीच्या आजोबांनी हात छातीपर्यंत वर नेला.

ते गृहस्थ आता काठीशिवाय चालतात. बिअर सोडून सात महिने झाले. प्रेशरची एक गोळी मी कमी केली आणि तरीही प्रेशर १२८. लाल पेशींचा आकार ९३ वर आला, बी-१२ शिवाय. मागच्या आठवड्यात ते आले ते एक प्रश्न घेऊनच. त्यांच्या ऑफिसातले सगळे शुक्रवारी एकत्र बसतात, आणि हल्ली झिरो टक्क्यांची बिअर मिळते, तीच बाटली, तोच फेस.

"ती चालेल का डॉक्टर? त्यात तर काहीच नसतं."

लेबल बघा, मी म्हटलं, काहींवर ०.० असतं आणि काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं. पण मला काळजी त्या अर्ध्या टक्क्याची नव्हती. बाटली उघडल्याचा आवाज, तो वास, हातात गार काच. हे सगळं त्यांच्या डोक्याला ओळखीचं आहे. मी त्यांना आणखी सहा महिने थांबायला सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. "शुक्रवारी मी डब्यात कोकम सरबत देते," त्या म्हणाल्या. "ग्लासात ओतलं की लांबून कुणाला कळतंय?"